लाकडी उतारांच्या वाटेनं

अमेरिकेत गाडीनं फिरत रोलर कोस्टर बघायचे असं ठरल्यावर पहिलं काम होतं नावं गाळण्याचं. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवले. तिथली पार्कं भव्य आहेत, पण त्यांतली बरीचशी सिनेमाच्या दुनियेतून जन्मलेली. मला त्याच्या मागचं बघायचं होतं. पैसे मोजून उतारावरून घसरायला माणसानं कुठे सुरुवात केली, आणि कशामुळे? पिट्सबर्गला राहणाऱ्या माझ्या भाचीला या विषयाचं लहानपणापासून वेड. तिनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि जुने लाकडी कोस्टर जिथे जिथे आहेत तिथे पेन्सिलीनं खुणा केल्या. खुणा जोडत गेलो तशी एक वाकडीतिकडी रेघ तयार झाली. न्यू यॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघून, पेनसिल्व्हेनियाचे डोंगर ओलांडून, ओहायोतल्या ईरी सरोवराच्या काठाला टेकणारी. "मावशी, हीच रेघ कोळशाचीपण आहे," ती म्हणाली. तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं. पुढे वाटेवर ते जागोजागी डोळ्यांना दिसत गेलं.

हा प्रवास उन्हाळ्यातच करावा लागतो. इकडची पार्कं मेच्या अखेरीस पूर्ण जोरात सुरू होतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारपुरतीच उरतात. एक तर हिवाळा बर्फाचा, आणि दुसरं म्हणजे तिकिटं तपासणारे, दांड्या ओढून बघणारे, आइस्क्रीम विकणारे हात बहुतांशी शाळा-कॉलेजातल्या मुलांचे. सुट्टी संपली की ती मुलं वर्गात परततात.

सुरुवात कोनी आयलंडपासून. इथे १८८४ साली ला मार्कस टॉमसन या माणसानं 'स्विचबॅक रेल्वे' उभारली. पाच सेंट द्यायचे, मनोऱ्यावर चढायचं, बाकावर आडवं तोंड करून बसायचं, आणि ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वेगानं खालीवर होत पलीकडच्या टोकाला पोचायचं. आज सायकल याहून जोरात जाते, पण तेव्हा माणसांच्या रांगा लागल्या. आता त्या परिसरात 'सायक्लोन' उभा आहे, १९२७ सालचा, ८५ फूट उंच, ताशी शंभर किलोमीटरच्या जवळ जाणारा. सत्तरच्या दशकात तो पाडून शेजारचं मत्स्यालय वाढवायचं घाटत होतं. लोकांनी विरोध केला म्हणून तो वाचला. तो शहराच्या मालकीचा आहे आणि १९८८ पासून त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा आहे. रस्त्याला इतका खेटून उभा की पदपथावरून जाताना डोक्यावरून डबे धडधडत जातात. इथे एक गोष्ट सांगतात: वाचा गेलेला एक खाणकामगार १९४८ साली सायक्लोनवर बसला, ओरडला, आणि खाली उतरल्यावर बोलायला लागला. खरी-खोटी कोण जाणे. गोष्टीतला माणूस खाणकामगारच आहे, हे मात्र मी मनात टिपून ठेवलं.

न्यू यॉर्क सोडून पश्चिमेला लागलं की दोन-अडीच तासांत डोंगर जवळ येतात. लीहाय नदीच्या अरुंद खोऱ्यात, दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये दाटीनं बसवलेलं एक गाव लागतं, जिम थॉर्प. हे नाव नंतरचं. १९५४ पर्यंत गाव मॉक चंक होतं. कोळशाचा धंदा बसल्यावर गावानं नवी ओळख शोधली. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारा आदिवासी खेळाडू जिम थॉर्प मरण पावला तेव्हा त्याच्या पत्नीशी करार करून गावानं त्याचं दफन आपल्याकडे केलं आणि त्याचं नाव घेतलं. तो या गावात कधी राहिला नव्हता. मला हे विचित्र वाटलं आणि करुणही.

माझं काम मात्र गावामागच्या डोंगरावर होतं. डोंगरावर समिट हिलजवळ अँथ्रासाइट, म्हणजे कडक, कमी धुराचा कोळसा. खाली नदी, आणि नदीतून फिलाडेल्फियाची बाजारपेठ. मधलं अंतर नऊ मैलांचं. १८२७ साली लीहाय कोल अँड नेव्हिगेशन कंपनीनं या उतारावर रूळ टाकले. इंजिन नाही, काही नाही; भरलेले गाडे स्वतःच्या वजनानं खाली यायचे, ब्रेकवर एक माणूस. रिकामे गाडे वर ओढायला खेचरं. आणि खेचरं खाली कशी आणायची? त्यांच्यासाठी वेगळे डबे जोडले, त्यांत ती चारा खात उतारावरून यायची. थोड्याच दिवसांत खेचरांना याची इतकी सवय झाली की पायी उतरायला ती साफ नकार देऊ लागली, असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय.

माणसांनाही तीच ओढ लागली. सुरुवातीच्या वर्षांतच हौशी लोक पैसे देऊन कोळशाच्या मागे बसायला लागले. पुढे १८४० च्या दशकात परतीचा स्वतंत्र मार्ग झाला. माउंट पिस्गाच्या शिखरावर वाफेचं इंजिन बसवून गाडे ओढून घ्यायचे, मग पुढे पुन्हा उतार, पुन्हा चढ. ओढताना पट्टा तुटला तर गाडा मागे सुटू नये म्हणून रुळाच्या मध्ये दातेरी पट्टी बसवली होती आणि गाड्याची खिट्टी एकेका दात्यावर टकटक वाजत पुढे जायची. आज लाकडी कोस्टर पहिल्या चढावर जाताना जो खटखट आवाज पोटात गोळा आणतो, तो याच कुळातला. १८७२ मध्ये बोगदा झाला, कोळसा दुसऱ्या मार्गानं जाऊ लागला, आणि हा जुना मार्ग पूर्णपणे प्रवाशांचा झाला. साठेक वर्षं लोक केवळ मजेसाठी इथे येत राहिले. टॉमसनला कोनी आयलंडची कल्पना इथूनच सुचली असं मानलं जातं. १९३० च्या मंदीत मार्ग बंद पडला, रूळ भंगारात गेले.

आता त्या जागी पायवाट आहे. आम्ही तिच्यावरून बराच वेळ चाललो. उतार इतका मंद आहे की उतरतोय हे पायांना कळतही नाही. फक्त मागे वळून बघितल्यावर झाडांमधली वाट हळूहळू वर गेलेली दिसते. एवढ्याशा उताराला टनावारी कोळशाचं वजन लाभलं की काय होत असेल, याचा अंदाज तिथे उभं राहून येतो. त्याच गावात १८७७ साली आयरिश खाणकामगारांना फाशी दिलेला तुरुंगही आहे. कंपनीविरुद्ध गुप्त संघटना चालवल्याचा आणि खून केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. खटला चालला तो खाणमालकांच्या पैशावर पोसलेल्या गुप्तहेराच्या साक्षीवर. मौजेची रेल्वे आणि हा तुरुंग, दोन्ही एकाच कोळशानं बांधलेली.

पश्चिमेला पुढे गेलं की खाणींचा पट्टा अधिक उजाड होत जातो. मातीचे काळे ढिगारे, त्यांवर उगवलेली भुर्जांची बारीक झाडं. सेंट्रालिया लागतं, म्हणजे त्याचे रस्ते लागतात. १९६२ साली जमिनीखालच्या कोळशाच्या थराला आग लागली ती आजही धुमसते आहे. हजारेक लोकांचं गाव सरकारनं मोबदला देऊन रिकामं केलं. घरं पाडली, चौक राहिले. आम्ही गाडीतून खाली उतरलो नाही.

आणि इथून थोड्याच अंतरावर, दाट झाडीतल्या ओढ्याकाठी, नोबेल्स. मी पाहिलेल्या पार्कांमध्ये हे मला सर्वांत आवडलं, हे आधीच सांगून टाकते. १९२६ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. आत यायला पैसे नाहीत, गाडी उभी करायला पैसे नाहीत. ज्या खेळात बसाल त्याचं तेवढं तिकीट. त्यामुळे इथे आजी-आजोबा नुसते बाकावर बसायला येतात, घरून डबे आणतात, नातवंडं खेळून येईपर्यंत गप्पा मारतात. पार्कातच खाणकामाचं छोटं संग्रहालय आहे. खाण्याच्या टपरीवर पिरोगी मिळतात, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या आणि लोण्यात परतलेल्या करंज्याच जणू. खाणीत काम करायला पोलंड, स्लोव्हाकिया, युक्रेनकडून जे लोक आले त्यांनी हा पदार्थ आणला. कांदा घालून गरम गरम खाल्ल्या, फार छान लागल्या.

इथला 'फिनिक्स' हा कोस्टर मुळात टेक्सासचा. सॅन अँटोनिओच्या प्लेलँड पार्कात चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तो 'रॉकेट' नावानं उभा राहिला. १९८० साली ते पार्क बंद पडलं आणि सांगाडा तसाच वाळत पडला. नोबेल्सच्या लोकांनी तो विकत घेतला, फळ्यांना क्रमांक घालत सुटा केला, ट्रकांतून देशाच्या दुसऱ्या टोकाला आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा उभा केला. राखेतून उठला म्हणून फिनिक्स. एवढा मोठा लाकडी कोस्टर उचलून दुसरीकडे नेता येतो, हे त्या काळी फारसं कुणाला खरं वाटत नव्हतं.

रांगेत उभी असताना मार्गाची एक बाजू अगदी हाताच्या अंतरावर होती. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकसंध तुळई नसते, एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे सात-आठ थर असतात आणि चाक फिरतं तिथे वर पातळ लोखंडी पट्टी. करड्या पडलेल्या जुन्या फळ्यांच्या मध्येच हातभर नवी पिवळी फळी, ताज्या लाकडाचा वास, बोल्टाभोवती ग्रीसचं काळं वर्तुळ. असा कोस्टर कधी पूर्ण जुना होत नाही आणि कधी पूर्ण नवाही नसतो. सुतार दर हिवाळ्यात त्याचा थोडा थोडा भाग बदलत राहतात. रोज सकाळी पार्क उघडण्याआधी एक जण सगळा मार्ग पायी चालून तपासतो.

गाडी सुटते ती सरळ काळोख्या बोगद्यात. मग खटखट करत ७८ फूट वर. पुढे काय होतं ते सांगणं अवघड नाही: टेकाडाच्या माथ्यावर डबा रुळाला धरून खाली वळतो, पण बसलेल्या माणसाचं शरीर आधीच्या वेगानं पुढे आणि वर जाऊ पाहतं. त्या क्षणभरात आसन सुटतं. कोस्टरवेडे याला 'एअरटाइम' म्हणतात आणि त्याच्यासाठी शेकडो मैल गाडी हाकतात. फिनिक्सच्या शेवटच्या टप्प्यातली बुटकी टेकाडं एकामागून एक हेच करत राहतात. मांडीवर एक आडवी दांडी, तीही सैलसर. भाची हात वर करून बसली होती. मी दांडी घट्ट धरली आणि मोठ्यानं हसत राहिले.

तिथलंच १९१३ सालचं मेरी-गो-राउंडही बघण्यासारखं आहे. लाकडी घोडे फिरत असताना कडेला एक लांब दांडा असतो, त्यातून लोखंडी कड्या एकेक बाहेर येतात. बाहेरच्या रांगेतल्या स्वारांनी झुकून कडी ओढायची. एखादीच कडी पितळेची असते. ती मिळाली की एक फेरी फुकट. जुन्या काळी ही रीत सगळीकडे होती, आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. सत्तरीच्या एक बाई दर फेरीला कमरेतून वाकून कडी काढत होत्या, अगदी सराईतपणे.

वाटेत हर्शीला फार वेळ दिला नाही. चॉकलेटवाल्या मिल्टन हर्शीनं आपल्या कारखान्यातल्या कामगारांसाठी १९०६ मध्ये केलेली ही बाग आज मोठी झगमगती जागा आहे. कारखान्याच्या मालकानं कामगारांच्या रविवारचीही सोय करायची, ही त्या काळची विचारसरणी कळायला तेवढं पुरेसं आहे.

अल्टूना हे रेल्वेचं गाव. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे प्रचंड कारखाने इथे होते. गावाबाहेर डोंगरावर रेल्वे चढवण्यासाठी घातलेलं वळण, 'हॉर्सशू कर्व्ह', १८५४ साली खुलं झालं. आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्यांनी खोदलेलं. मला तिथे आपला बोरघाट आठवल्याशिवाय राहिला नाही. तो १८६३ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे दोन्ही घाट जवळजवळ एकाच पिढीचे. अमेरिकेतल्या अभियंत्यांना मोठं वळण घेऊन चढायला दरी मिळाली. खंडाळ्याला ती न मिळाल्यानं गाडीची दिशा उलटवावी लागली. दोन्हीकडे मजुरांनी दिलेली किंमत मोठी.

याच गावातल्या लेकमाँट पार्कात 'लीप-द-डिप्स' आहे. १९०२ सालचा, जगात आज उभ्या असलेल्या कोस्टरांमध्ये सर्वांत जुना. आम्ही गेलो तेव्हा तो चालू नव्हता, पण कुंपणाशी उभं राहून नीट बघता आला. उंची ४१ फूट, वेग सरासरी ताशी सोळा किलोमीटर. लाकडी कठड्याच्या पन्हळीतून सुटे सुटे डबे जातात. चाकं फक्त खाली आणि बाजूला. रुळाच्या खालून पकडणारं चाक नाही. डबा उडाला तर धरून ठेवायला काही नाही, म्हणून सगळे उतार हलकेच ठेवलेले, सर्वांत मोठा नऊ फुटांचा. १९८५ मध्ये बंद पडला होता. लोकांनी पैसे जमवले आणि १९९९ मध्ये तो पुन्हा धावला.

त्या एका चाकाची कमी कुणी भरून काढली ते पिट्सबर्गला कळतं. जॉन मिलर हा अभियंता तरुणपणी टॉमसनच्या हाताखाली शिकला. त्यानं १९१९ मध्ये रुळाच्या खालून डब्याला धरून ठेवणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. त्यानंतर डबा रूळ सोडूच शकत नव्हता, आणि उतार हवा तेवढा खडा करता येऊ लागला. विसाच्या दशकात उत्तर अमेरिकेत लाकडी कोस्टरांची संख्या दीड हजारांच्या वर गेली असं मानतात. जगातला प्रत्येक मोठा कोस्टर आज या चाकावर उभा आहे, तरी मिलरचं नाव घरोघरी माहीत नाही याची मला खंत वाटते.

केनीवुडला पोचायला नकाशा लागत नाही. पिट्सबर्गच्या रस्तोरस्ती पार्काच्या पिवळ्या बाणांच्या पाट्या आहेत. मोनोंगाहेला नदीच्या उंच काठावर हे पार्क १८९८ मध्ये ट्राम कंपनीनं सुरू केलं. त्या काळी अमेरिकेतल्या शेकडो ट्राम कंपन्यांनी हेच केलं. आठवडाभर कामगारांनी भरलेल्या ट्राम रविवारी रिकाम्या धावायच्या. मार्गाच्या शेवटी बाग, नाचघर आणि झोके ठेवले की त्याही भरायच्या. पलीकडच्या काठावर, ब्रॅडॉकला, अँड्र्यू कार्नेगीनं १८७५ मध्ये सुरू केलेला पोलाद कारखाना. पार्कातून त्याची धुराडी दिसतात. कारखान्यांत राबणाऱ्या निरनिराळ्या देशांच्या लोकांचे इथे दिवस ठरलेले असायचे, स्लोव्हाक दिवस, पोलिश दिवस, इटालियन दिवस. शाळांच्या सहली तर पिढ्यान् पिढ्या इथेच.

मिलरचा 'जॅक रॅबिट' इथे १९२० पासून धावतोय. त्याच्या दरीतल्या उतारात मध्येच एक पायरी आहे, त्यामुळे एकाच घसरणीत दोनदा खाली जायला होतं. भाचीनं मला हट्टानं शेवटच्या डब्यात बसवलं. पुढचे डबे उतरायला लागले की शेवटचा डबा माथ्यावरून खेचला जातो, म्हणून तिथे झटका जास्त. दुसऱ्या पायरीला मी खरोखर उभी राहिले असते, दांडी नसती तर. 'थंडरबोल्ट'मध्ये रीतच उलटी: स्टेशनातून बाहेर पडताच दरीत उडी, चढ येतो तो मध्यावर. त्यात एकट्यानं बसू देत नाहीत, वळणांवर माणूस आसनभर फेकला जातो म्हणून. आणि १९२७ चा 'रेसर', दोन गाड्यांची शर्यत. डावीकडून निघालेली गाडी उजवीकडे परत येते, कारण दोन दिसणारे मार्ग प्रत्यक्षात एकच सलग मार्ग आहे. दोन्ही गाड्यांतले लोक माथ्यावर हात लांबवून एकमेकांना टाळ्या द्यायला बघतात. केनीवुडला १९८७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तो अगदी योग्य.

पण या रेघेवर मिटलेल्या खुणाही आहेत. ओहायोत शिरताच यंगस्टाउन लागतं. १९ सप्टेंबर १९७७ रोजी इथला मोठा पोलाद कारखाना बंद होणार असं जाहीर झालं, हजारो लोक बेकार झाले, आणि गाव पुन्हा सावरलं नाही. ट्राम कंपनीनंच वसवलेलं तिथलं आयडोरा पार्क १९८४ च्या आगीत होरपळलं. 'वाइल्डकॅट' कोस्टरचा एक भाग जळाला आणि त्याच वर्षी पार्क कायमचं बंद झालं. त्याचं १९२२ सालचं मेरी-गो-राउंड लिलावात विकलं गेलं, पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहिलं आणि आता न्यू यॉर्कला ब्रुकलिन पुलाजवळ काचेच्या दालनात फिरतंय. क्लीव्हलँडचं युक्लिड बीच पार्कही गेलं. तिथे १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांना नाचघरात मज्जाव करण्याविरुद्ध मोठं आंदोलन झालं होतं. 'सर्वांसाठी' म्हणवणारी अशी कितीतरी पार्कं खरी सर्वांची नव्हती. काहींनी पोहण्याचा तलाव सगळ्यांना खुला करण्यापेक्षा बुजवणं पसंत केलं. या जागांविषयी हळवं होऊन बोलताना हे गाळणं मला पटत नाही.

आणि मग सीडर पॉइंट. ईरी सरोवरात घुसलेल्या वाळूच्या चिंचोळ्या जिभेवर, पाण्याच्या पलीकडे, दुरूनच पोलादी कमानींचं रान दिसायला लागतं. १८७० मध्ये इथे नुसता स्नानाचा किनारा होता. १९८९ चा 'मॅग्नम' २०० फुटांची मर्यादा ओलांडणारा, पूर्ण फेरी मारणारा पहिला कोस्टर. २००० सालचा 'मिलेनियम फोर्स' ३१० फुटांचा, ताशी १५० किलोमीटरचा. त्याला वर ओढायला साखळी नाही, पोलादी दोर आहे, त्यामुळे तो खटखट आवाजच नाही. सरळ, शांत, झपाट्यानं आभाळाकडे. डावीकडे पाणी, उजवीकडेही पाणी. खाली येताना डोळ्यांतून धारा लागल्या. अभियांत्रिकी म्हणून तो अजोड आहे. पण पोलादी कोस्टर कारखान्यात तयार होऊन कुठेही जाऊ शकतो. खोपोलीच्या इमॅजिकात २०१३ साली आलेला, पाय अधांतरी सोडणारा 'नायट्रो'ही असाच परदेशी आराखड्यावरचा. केनीवुडचा जॅक रॅबिट मात्र त्या दरीवाचून होऊच शकत नाही.

म्हणून मला इथे सर्वांत जास्त कुतूहल होतं 'स्टील व्हेन्जन्स'चं. १९९१ चा 'मीन स्ट्रीक' हा लाकडी कोस्टर इतका हादरे द्यायचा की लोक त्याच्याकडे फिरकेनासे झाले. २०१६ मध्ये तो बंद केला. पण पाडला नाही. लाकडी सांगाडा बराचसा राखून त्यावर पोलादाचा रूळ घातला आणि २०१८ मध्ये नवा कोस्टर सुरू झाला, २०५ फुटांचा, चार वेळा माणसाला उलटं करणारा. लाकडाच्या ओंडक्यांमधून डोकं खाली करून जाताना त्या दाट जंगलात वाट कुठून निघेल तेच कळत नाही. आसन सुटतं आणि बराच वेळ परत मिळत नाही. रांगेतले लोक दुसऱ्या राज्यांतून आलेले, हातात याद्या, कुणाचे किती कोस्टर झाले यावर चर्चा. इथल्या वेड्यांची १९७८ पासूनची संघटना आहे, आणि बंद पडलेले लाकडी कोस्टर वाचवण्यात अशा लोकांच्या वर्गणीचा आणि श्रमाचा वाटा मोठा आहे.

त्यातल्याच एका आजोबांनी आमचा नकाशा मागून घेतला, पेन्सिलीची रेघ बघितली आणि दक्षिणेला सिनसिनाटीच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे किंग्ज आयलंडला १९७९ चा 'बीस्ट' आहे, सात हजार फुटांहून लांब, जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर, झाडांच्या गर्दीत लपलेला. त्यावर अंधार पडल्यावरच बसायचं, असं त्यांनी बजावलं. भाचीनं तिथल्या तिथे खूण केली आणि पार्क बंद व्हायची वेळ विचारून घेतली.